फसलेल्या उद्रेकाची दुरुस्ती

आश्विन उतरणीला लागला की आमच्या खारेपाटात उन्हाला वास येतो. पिकत आलेल्या भाताचा, कडेने सुकत चाललेल्या खाडीच्या चिखलाचा आणि कुणाच्या तरी चुलीवर भाजल्या जाणाऱ्या पोह्यांचा मिळून एकच वास. सकाळी पेणच्या स्टेशनावर रोह्याच्या गाडीची वाट पाहत उभी असते, गाडी जित्याला सिग्नलला अडकलेली असते, आणि वडखळच्या बाजूने तो वास येतो. दरवर्षी मला तेव्हा एकच आठवतं. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एका ताऱ्याची वाट पाहत होते, आणि छातीठोकपणे चुकले होते.

मी रोह्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. तास नसतो तेव्हा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर क्ष-किरण जोडताऱ्यांच्या नोंदी तपासत बसते. हे काम रात्रीचं असेल असं सगळ्यांना वाटतं. गच्ची, दुर्बीण, गार वारा वगैरे. यातलं काही नसतं. क्ष-किरण हवेतून खाली येतच नाहीत, ते वर फिरणाऱ्या उपग्रहालाच दिसतात. तो मोजतो, आकडा खाली पाठवतो आणि मी दुपारच्या डब्याआधी तो आलेखावर मांडते. दिवसाला एक ठिपका. माझं आकाश एवढंच.

ज्या जोडीवर मी काम करत होते तिला नाव नाही, आकड्यांचा पत्ता आहे. एक आपल्या सूर्याहून लहान तारा आणि त्याच्या अगदी शेजारी एक कृष्णविवर. ताऱ्याचा वायू बारीक धारेने कृष्णविवराकडे ओढला जातो. पण तो सरळ आत पडत नाही. भोवती फिरत राहतो आणि त्याची एक तबकडी बनते. वर्षानुवर्षं तबकडीत वायू साठत जातो आणि बाहेरून बघणाऱ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. मग कधीतरी तबकडीतला एखादा पट्टा एका ठराविक तापमानाच्या वर जातो. तिथल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, वायूचे थर एकमेकांना जोरात घासू लागतात, शेजारचे पट्टे तापतात, आणि इतकी वर्षं जे फिरत राहिलं ते काही आठवड्यांत आत कोसळतं. कोसळताना लाखो अंश तापतं आणि क्ष-किरणांनी झगमगतं. याला उद्रेक म्हणतात.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते. कारण त्यात एक वाक्य होतं: उद्रेकाच्या वेळी शेजारच्या ताऱ्याने जास्त वायू दिलेला असावाच असं नाही. धार तीच, बारीक, रोजची. बदललेलं असतं ते तबकडीच्या आत. आमच्याकडे प्रत्येक मोर्चानंतर कुणीतरी मोठा माणूस म्हणतो की शांत लोकांना बाहेरच्यांनी भडकवलं. मला त्या माणसाला ते पान दाखवायचं होतं. बाहेरचं कुणी लागत नाही, साहेब. रोजची धार पुरते.

असा माझा स्वभाव. त्याला कारण बाबा.

बाबा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होते आणि शिफ्टच्या बसमध्ये गुडघ्यावर वही ठेवून पत्रकं लिहायचे. पाण्याचं, जमिनीचं, रस्त्याचं, कामगारांचं. मी अक्षरं शिकले ती त्या पिवळ्या-गुलाबी कागदांवर. मला वाचता आलेला पहिला शब्द ‘जाहीर’ होता. दारात बसून पत्रकांच्या घड्या घालताना हाताला शाईचा काळा रंग लागायचा आणि आई जेवायला बसू द्यायची नाही. माझ्या लहानपणात पूर्णविराम फार कमी होते. उद्गारचिन्हं होती, तीन-तीन. आणि क्रियापदाला लागलेला तो ‘च’. होणारच. देणार नाहीच. घेतल्याशिवाय राहणार नाहीच.

पत्रकात ‘कदाचित’ नसतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या वर्षी पितृपक्षात बातमी आली. दूरच्या देशातल्या एका दुर्बिणीला आमची जोडी नेहमीपेक्षा उजळ दिसली होती, साध्या प्रकाशात. साधा प्रकाश आधी वाढतो, क्ष-किरण काही दिवसांनी. म्हणजे तबकडी पेटली होती. पुढच्या आठवड्यात माझ्या आलेखावरचे ठिपके चढू लागले. पूर्ण उद्रेकाची एक चाल असते. आधी क्ष-किरण कडक असतात, जास्त ऊर्जेचे. मग तबकडी पार आतपर्यंत पोचते, झळाळते आणि किरण मऊ होतात, कमी ऊर्जेचे. मला खात्री होती की दसऱ्याच्या आत ते मऊ होणार. आणि मला एवढी खात्री असेल तर ती एकट्या माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना ईमेलने कळवून कशी चालेल? ज्या लोकांत मी वाढले त्यांना कळली पाहिजे. मी पत्रक लिहिलं.

पत्रक म्हणजे हनीफचाचा. रोह्याच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचा छापखाना. आखातात बरीच वर्षं एका प्रेसमध्ये काम करून परत आले ते छपाईचं वेड घेऊनच. त्यांची एक रीत पेणपासून कोलाडपर्यंत ठाऊक आहे: मजकूर स्वतःला समजल्याशिवाय ते छापत नाहीत. लग्नपत्रिका आली तरी विचारतात, हा मामा कुठचा, याचं नाव वर का. लोक वैतागतात, पण दुसरीकडे जात नाहीत.

माझा कागद त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचला. मग पेन्सिल काढली.

“एक्स-रे म्हणजे दवाखान्यात छातीचा काढतात तोच?”

“तोच, चाचा. पण इथे मशीन म्हणजे तबकडी.”

“आणि हे किती लांब?”

“प्रकाशाला यायला काही हजार वर्षं लागतात.”

पेन्सिल थांबली. “म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलंय. झालं की नाय ते ठरलंय आधीच. आपल्याला फक्त टपाल यायचंय.”

“हो.”

“मग बेटी, टपाल फोडायच्या आधी तू आत काय लिहिलंय ते छापतेस कशी?” त्यांनी एका शब्दाखाली रेघ मारली. “हे बघ. ‘दसऱ्याच्या आत उद्रेक पूर्ण होणारच.’ होण्याची शक्यता आहे, असं करू?”

“चाचा, पत्रकात शक्यता लिहीत नाहीत.”

“बापासारखीच हायस,” ते म्हणाले आणि तरी माझा आलेख हातात धरून राहिले. प्रत्येक ठिपक्याला वरखाली एक उभी रेघ असते. “ह्या काठ्या कसल्या?”

मी सांगितलं की मोजलेला आकडा किती चुकीचा असू शकतो ते त्या रेघा दाखवतात. रेघेशिवाय ठिपका काढला तर शास्त्रात त्याला कुणी विचारत नाही.

“आणि पत्रकाला काठी नाय?”

मी हसले. तेही हसले. त्यांना मजकूर समजला होता, त्यांनी छापलं. पाचशे पिवळे कागद, वर मोठ्या अक्षरांत ‘जाहीर निवेदन: कृष्णविवराचा उद्रेक!!!’ आणि खाली माझं नाव. नवरात्रात मी ते पेणच्या स्टँडवर, कॉलेजात, आमच्या गावच्या देवळात वाटले. लोकांना आवडले. मुलं येऊन विचारायची, आज किती चढला? मी फळ्यावर रोजचा आकडा मांडायचे. नुसता ठिपका.

दसरा आला. ठिपके चढायचे थांबले. कोजागिरीच्या आसपास ते खाली यायला लागले. किरण मऊ झाले नाहीत. कडकच राहिले आणि विझत गेले. सरांचा दोन ओळींचा ईमेल आला, की अशा प्रकाराला ‘फसलेला उद्रेक’ म्हणतात, हे बऱ्याचदा घडतं, नोंदी नीट ठेव.

फसलेला. मला त्या शब्दाचा राग आला. बाबांच्या मोर्च्यांवर स्थानिक पेपरात हाच शब्द यायचा. तबकडीला कुठे पोचायचं होतं? ती तापली, चमकली, शमली. आतला बराचसा वायू तिच्यात अजून तसाच होता. मऊ व्हायलाच हवं ही अट आमची, आणि नापासाचा शिक्का तिच्यावर. पण मग मी स्वतःलाच पकडलं. ती अट पाचशे कागदांवर छापणारी कोण होती?

आणि माझ्या हाताशी एक सोपं समाधानही होतं, जे आमच्या घरात नेहमी वापरलं जायचं: शांतता म्हणजे साठवण, आज नाही तर उद्या. ते मी घेतलं नाही. शांतता साठवणच असते असं नाही. काही जोड्या नुसत्याच मंद राहतात. कुठली जोडी कशी आहे ते मोजावं लागतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ही आठवण माझी एकटीची राहिली असती. पण त्याच पंधरवड्यात बांधाची गोष्ट निघाली.

खारेपाटात आमची शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहेत. मधे फक्त मातीचा बांध, ज्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. त्याला अधूनमधून उघाडी असते, लाकडी झडप. ती आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि खाडीचं आत घेत नाही. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड जाणं म्हणतात, आणि एकदा खांड जाऊन खारं पाणी शेतात बसलं की उभं पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षं जमीन काही देत नाही. पूर्वी ज्याचं शेत त्याने शेतामागे एक माणूस द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून बांध राखायचा अशी रीत होती. तिला जोळ म्हणत. लोक कंपन्यांत गेले, बांध सरकारी कागदांत गेले, जोळ मोडली.

सोमीबाय डोंगराकडच्या वाडीतली. दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जाते, तोवर आमच्याकडे कापणीला येते आणि बांधावर खेकडे धरते. कोजागिरीच्या उधाणानंतर ती बाबांना शोधत दारात आली.

“दादा, बांध पोकल झालाय.”

“कुठं?”

“उघाडीच्या अंगाला. काठी घातली तर हातभर आत गेली. आतल्या बाजूनं पानी येतंय, गढूल. नितल असतं तर मी बोलले नसते.”

बाबा तिच्याबरोबर गेले, मीही गेले. खेकड्यांच्या बिळांतून पाणी पाझरतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण गढूळ पाझर म्हणजे पाणी येताना माती घेऊन येतंय. पुढचं मोठं उधाण दिवाळीच्या अमावास्येला, भर दुपारी. त्याआधी अष्टमीच्या सुमाराला भरती आखडते, त्याला भांगाचं पाणी म्हणतात. त्या चार दिवसांतच बांधावर माती चढवता येते. चार दिवस, गावातला प्रत्येक हात, आणि तेही घराघरांत फराळ चाललेला असताना. मग अमावास्येला दुपारभर बांधावर उभं राहायचं. आत भात पिकून वाकलेलं. पुन्हा जोळ बांधायची होती. त्यासाठी पत्रक काढायचं ठरलं.

मी दुकानात मीठ आणायला गेले तर तिथे बेबीकाकी. बाबांच्या चुलतभावाची बायको. जिभेला धार, आणि उघाडीपासून शंभरेक पावलांवर तिचं शेत.

“काय गो, फुटला का तुझा तारा?”

“नाही, काकी.”

“मंग? दसरा तर गेला. फटाका वला निघाला?” दुकानातले हसले. “आता बापाचं पत्रक येतंय म्हनं बांधाचं. लेकीचा तारा फुटला नाय, बापाचा बांध काय फुटतोय!”

आणखी मोठ्याने हसले. मी मीठ घेतलं आणि घरी आले. सुटे पैसे परत घ्यायचे राहिलेच. मला लाज वाटत होती म्हणून नव्हे. तिचं शेत आधी जाणार होतं, आणि ती माझ्यामुळे हसत होती.

त्या संध्याकाळी मी बाबांना म्हणाले, “मी दुरुस्ती छापणार आहे.”

“कसली?”

“चुकले म्हणून.”

बाबांनी हातातली वही मिटली. मग बोलले. “तीस वर्षं पत्रकं काढतोय. एकदाही दुरुस्ती काढली नाय.”

“एकदाही चुकला नाहीत?”

“चुकलो. पण समोरचे टपलेले असतात. एक चूक कबूल केली की तीच धरून बसतात. तुझं ते तबकडीचं लोक दोन दिवसांत विसरतील. तू आठवण करून देऊ नको. बांधाचं पत्रक वाचलंच पायजे लोकांनी.”

“वाचतील, बाबा. तुमची सगळी पत्रकं वाचतात. विश्वास ठेवतील का ते बोला.”

“आन चुकलो म्हणून सांगितलंस की ठेवतील?”

“माहीत नाही.”

हे उत्तर त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं असावं. आईने भाकरी थापता थापता मान वर करून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी हनीफचाचांकडे गेले. त्यांनी मजकूर वाचला. पेन्सिल काढली नाही. “असलं काही पहिल्यांदाच छापतोय,” एवढंच म्हणाले. “लग्नाची तारीख चुकली तरी लोक पेनाने खोडून वाटतात.”

मजकूर लहान होता. उद्रेक पूर्ण होणारच असं मी लिहिलं होतं, तो झाला नाही. तो होईल याची चिन्हं होती, खात्री नव्हती. मी चिन्हांना खात्री म्हणाले, ही माझी चूक. सोबत अखेरपर्यंतचा आलेख देत आहे. प्रत्येक ठिपक्याची उभी रेघ म्हणजे तो आकडा किती चुकू शकतो त्याचं माप. ती मी फळ्यावर काढत नव्हते, तीही चूक. खाली नाव. उद्गारचिन्ह नव्हतं.

मी ते स्वतः वाटलं. बेबीकाकीच्या हातात दिलं तेव्हा तिने ते उलटं-सुलटं करून बघितलं. “ह्यात काय मागितलंय?”

“काही नाही.”

“नुसतं चुकले?”

“नुसतं.”

तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली. तिने काही न बोलणं हे माझं त्या वर्षीचं सर्वात विचित्र निरीक्षण होतं, आणि मला त्याचा अर्थ लावता आला नाही.

बांधाचं पत्रक बाबांनी लिहून ठेवलं होतं. ‘उघाडीपाशी खांड जाणारच!!! सर्वांनी उघाडीपाशी जमा!’ मी म्हटलं, उघाडीपाशीच जाईल हे आपल्याला कशावरून कळलं? सोमीबायला तिथे पाझर दिसला. बाकीच्या बांधावर काठी घालून कुणी बघितलंय? बाबा चिडले. म्हणाले, माणसं जमवायची तर जागा सांगावी लागते. बोट दाखवावं लागतं. ‘कुठंतरी फुटेल कदाचित’ असल्या पत्रकावर कोण घर सोडून येईल?

त्यांचं खरं होतं. मला आजही वाटतं की त्यांचं खरं होतं. बोट न दाखवता माणसं हलत नाहीत. पण मी नुकतंच एक बोट दाखवून तोंडावर आपटले होते.

आम्ही ते वाक्य चार वेळा लिहिलं. शेवटी असं झालं: ‘उघाडीपाशी बांध कमजोर दिसतो. काठी हातभर आत जाते, कुणीही येऊन घालून पाहावी. खांड तिथेच जाईल असं आम्हाला सांगता येत नाही. म्हणून अष्टमीपासून चार दिवस माती, आणि अमावास्येला दुपारी सबंध बाहेरकाठ्यावर अंतराअंतरावर माणूस हवा.’ बाबांनी शेवटी एक उद्गारचिन्ह टाकलं. ते मी राहू दिलं.

अष्टमीला सकाळी बांधावर आम्ही पाचजण होतो, त्यात एक सोमीबाय, जिचं तिथे शेतच नव्हतं. नऊच्या सुमारास काही लोक आले ते कामाला नव्हे. त्यांनी काठ्या आणल्या होत्या. पत्रकात लिहिलंय ना, कुणीही घालून पाहावी. त्यांनी उघाडीपाशी काठी घातली. हातभर गेली. मग पुढे गेले, घालत घालत. कुठे वीतभर जायची, कुठे रुतायचीसुद्धा नाही. एका जागी अर्धी काठी गेली आणि तो माणूस काठी तशीच सोडून गावाकडे धावला. दुपारपर्यंत बांधावर गाव होतं. बायका रांगेने उभ्या राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होत्या आणि चकल्या बिघडल्याबद्दल बाबांच्या नावाने खडे फोडत होत्या. सोमीबाय बिळं दाखवत फिरत होती, आणि जिला एरवी नावाने कुणी हाक मारत नाही तिला सगळे विचारत होते: बाय, हितं बघ, बाय, हे कसलं?

मी चिखल देत होते आणि मनात हिशेब लावत होते. हे का जमलं? दुरुस्तीमुळे? काठीमुळे? की माती बघितल्यावर माणसाला आपोआप कळतं म्हणून? मला माहीत नव्हतं. तबकडीचा कुठला पट्टा आधी तापला हेही आम्हाला कधी नक्की कळत नाही.

अमावास्येला साडेअकरापासून आम्ही बांधावर होतो. ऊन डोक्यावर. वीस-वीस पावलांवर एक माणूस, पायाशी पेंढ्याचे भारे आणि मातीचा ढीग. खाडीचं पाणी वर चढताना आवाज करत नाही. आधी पायथ्याच्या खारफुटीतली चिप्याची झुडपं बुडाली, मग नव्या मातीची रेघ. बाबा उघाडीवर होते, सोमीबायजवळ. मी मधे. उघाडी घट्ट होती, नवी माती धरून राहिली होती. पाणी चढत बांधाच्या माथ्यापासून दोन वितींवर आलं, मग दीड.

आणि आरोळी आली ती भलतीकडून. उघाडीपासून पार दूर, जिथे काठी रुतलीसुद्धा नव्हती, जिथे आम्ही सर्वांत कमी माती टाकली होती. तिथे बेबीकाकी उभी होती. मी धावले. बांधाच्या आतल्या अंगाला पाण्याची मनगटाएवढी धार उसळत होती, लाल, मातीने भरलेली, आणि बेबीकाकी लुगडं खोचून तिच्याखालच्या चिखलात कमरेपर्यंत उतरली होती. पाठ भोकाला लावून.

“बघत काय राहिलीस गो? पेंढा दे!”

मी पेंढा दिला. पलीकडचे वीस पावलांवरचे दोघे आले, त्यापलीकडचे चौघे. बाहेरच्या बाजूला कुणीतरी लाकडाच्या मेढी ठोकल्या. पेंढा, चिखल, पेंढा, चिखल. काकी तोंडाने सबंध वेळ शिव्या देत होती, खाडीला, खेकड्यांना, आम्हाला. धार मनगटाची बोटाएवढी झाली. मग नुसता ओलावा. बाबा धापा टाकत उघाडीकडून पोचले तेव्हा काम संपलं होतं. ते भोकाकडे बघत राहिले, मग मागे वळून उघाडीकडे, किती अंतर आहे ते. सगळे तिथे जमले असते तर इथे कोण असतं, हे त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती. त्यांनी खाली बसून मूठभर चिखल उचलला आणि लिंपायला लागले.

आज इतक्या वर्षांनी ती जोडी पुन्हा उजळ दिसल्याची बातमी या आठवड्यात आली आहे. फळ्यावर मी ठिपका काढते, त्याची रेघ काढते, आणि मुलांनी विचारलं की या वेळी पूर्ण होईल का, तर सांगते, चिन्हं आहेत. माझा आवाज त्याने खाली गेलेला नाही. उलट मला आता जे माहीत आहे ते मी पूर्वीपेक्षा जोरात बोलते, कारण त्याची हद्द मला ठाऊक असते. बाबांची पत्रकं अजून निघतात. जोळ दर आश्विनात बसते. तिच्यात भांडणं होतात, चकल्या बिघडतात, आणि अष्टमीला पहिल्यांदा काठ्या येतात.

पण त्या दुपारचं अजून एक राहिलं. पाणी माथ्यापासून दीड वितीवर येऊन थांबलं होतं. लक्ष्मीपूजनाची घाई होती, तरी घरी जायला कुणी हललं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, टिकला, बांध टिकला. बेबीकाकीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चिखलाचा हात वर केला. थांब. आम्ही थांबलो. पाणी हलेना. बगळे बांधावर येऊन बसले. कुणीतरी पाण्याची बाटली फिरवली. मग बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या वर, बोटभर ओली माती दिसली. मग दोन बोटं. मग चिप्याच्या झुडपाचा एक शेंडा.

काकीने हात खाली घेतला.

“आता बोल,” ती म्हणाली.